पट्टी जराशी अडली पाहिजे

इंजिन गार असावं लागतं. नुसतं वरून हाताला गार लागून भागत नाही, आतलं लोखंडही गार हवं. त्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि पहाटे, कोणी चावीला हात लावायच्या आत, काम करायचं. म्हणून माझ्या आठवणीत हे सगळं पहाटेचंच आहे. थंडी, धुकं, पत्र्यावरून टपटपणारं दव आणि ऑइलचा वास.

आमचं गॅरेज घराला लागूनच आहे, गंगापूर रोडवरून थोडं आत. दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. समोर पूर्वी द्राक्षबाग होती, आता तिथं बिल्डिंग आहे. माझे यजमान तीस वर्षं तिथं जुन्या डिझेल गाड्यांचं काम करतात. मी त्यांना 'हे' म्हणते, इथंही तसंच लिहीन. नवीन गाड्या यांच्याकडे येत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर लागतो. येतात त्या जुन्या जीपा, त्र्यंबककडच्या, हरसूलकडच्या. माझं माहेर तिकडचंच, हरसूलच्या पुढे एका पाड्यावर. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले.

गिऱ्हाईक आलं की मी घरात जायची. चहा झाला की दारातून ट्रे पुढे करायचा आणि मागे व्हायचं. वीस वीस वर्षं येणाऱ्या माणसांनीही माझा आवाज ऐकला नव्हता. हरसूलचे एक जीपवाले भाऊ आहेत, ते एकदा यांना म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या घरात वयनी हाय का, का नुसती कपबशीच बाहेर येती?" मी आत पदर तोंडाला लावून हसले, पण बाहेर गेले नाही.

जुन्या डिझेल इंजिनात आठ व्हॉल्व असतात. चार हवा आत घेतात, चार धूर बाहेर सोडतात. प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडाची एक चोच असते. ती दाबते तेव्हा व्हॉल्व उघडतो, ती उचलली की मिटतो. चोच आणि व्हॉल्व यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड वाढतं. गाडी चालून चालून ही फट कमी-जास्त होते. ती परत बरोबर करायची, याला टॅपेट सेट करणं म्हणतात. ठरलेल्या मुदतीत करायचं साधं काम आहे. त्यासाठी पातळ पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा असतो, प्रत्येक पट्टीवर नंबर. पट्टी फटीत घालायची आणि ओढायची. अलगद आली तर फट जास्त आहे. येतच नसेल तर कमी आहे. जराशी अडत यायला हवी. हे 'जराशी' कुठल्या पट्टीवर लिहिलेलं नसतं, ते बोटाला कळावं लागतं.

आणि यांच्या बोटांना ते कळेनासं झालं.

साखर बरीच वर्षं आहे यांना. आधी पायाला मुंग्या यायच्या, मग हाताची टोकं बधिर झाली. मला ते शर्टाच्या गुंड्यांवरून कळलं. गुंडी काजात गेली की नाही हे बघण्यासाठी हे मान खाली घालायला लागले होते. नट, पाने, हातोडी चालत होती, ती सगळी ताकदीची कामं. पट्टी तेवढी जमेना. हे मला एवढंच म्हणाले होते, "हात गेला की शटर ओढायचं. दुसऱ्याच्या गाडीवर अंदाजपंचे चालत नाही." आणि टॅपेटसाठी आलेल्या दोन गाड्या यांनी काहीतरी कारण सांगून परत पाठवल्या. त्या दोन्ही दिवशी हे नीट जेवले नाहीत.

मग एका पहाटे मी सडा टाकत होते, तर यांनी हाक मारली.

"अगं, इकडे ये जरा."

एका जीपचं बॉनेट उघडं होतं, इंजिनावरचं झाकण काढून ठेवलेलं. मी कधी आत पाहिलं नव्हतं. बल्बच्या उजेडात आठ स्प्रिंगा ओळीत उभ्या होत्या, ऑइलनं न्हालेल्या, मधासारख्या चमकत. मला वाटलं आपण कोणाच्या तरी झोपेत डोकावलो.

"ही पट्टी ओढ. अडते का?"

"अडते."

"किती?"

किती ते कसं सांगायचं? मी दोनदा ओढली आणि म्हणाले, "आवणीच्या वेळी राबातलं भाताचं रोप उपटतो ना, माती ओली असताना, तेवढी."

हे शहरातले, यांनी कधी रोप उपटलं नव्हतं. तरी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेवढीच पाहिजे."

त्या पहाटे मी आठही व्हॉल्व बघितले. यांनी मला नवाचा हिशोब शिकवला. पहिला व्हॉल्व पूर्ण दबलेला असेल तेव्हा आठवा मोकळा असतो, तो सेट करायचा. तिसरा दबला की सहावा. पाचवा दबला की चौथा. दोघांची बेरीज नऊ आली पाहिजे. माझं चौथीचं गणित तेवढ्याला पुरलं. हे पुलीवर लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवायचे आणि मी चोची बघत उभी राहायची. फिरताना इंजिन मध्येच जड व्हायचं, हे दम लावायचे, आणि मग आतून एक सुस्कारा यायचा आणि ते सुटायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता कूस बदलली.

नंतर ते आमचं नेहमीचंच झालं. टॅपेटची गाडी आदल्या संध्याकाळी यायची, मालक बसनं घरी जायचा. पहाटे मी हात धुऊन, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून उभी राहायची. उजाडेपर्यंत झाकण परत बसलेलं असायचं आणि मी आत भाकरी थापत असायची. नऊला मालक येऊन गाडी सुरू करायचा आणि म्हणायचा, "वा मिस्त्री, हात आहे तुमचा." हे काही बोलायचे नाहीत. जेवताना मात्र भाजी आधी माझ्या ताटात वाढायचे.

असं दीड वर्ष चाललं. मला कोणी विचारलं असतं की तुला काय आवडतं, तर मी तोपर्यंत काहीच सांगू शकले नसते. आता सांगितलं असतं. मला ती पहाट आवडायची. बोलायचं काही नाही, फक्त "अडते?" आणि "हं." धुक्यात बाहेरची बिल्डिंग नाहीशी व्हायची आणि जागा पुन्हा बागेसारखी वाटायची. बोटांच्या चिमटीत ती पट्टी, वहीच्या पानाहून जरा जाड. डोळे मिटले तरी चालायचं. मी मिटायचेच. एकदा मला स्वप्न पडलं की मी मुंगीएवढी झाले आहे आणि त्या स्प्रिंगांच्या मधून चालते आहे. वरून ऑइलचे थेंब पडत आहेत, सावकाश, आणि आठ दारं एकामागून एक उघडतात आणि मिटतात. कुठल्याही दारातून आत जायला मला भीती वाटत नव्हती. जागी झाले तेव्हा तळव्यांना ऑइलचा वास होता, पण तो खराच होता, साबणानं जात नाही.

मग मी चूक केली.

ते हरसूलचे जीपवाले भाऊ थंडीत टॅपेटसाठी गाडी घेऊन आले. हरसूल ते त्र्यंबक माणसं नेतात ते. बाजाराच्या दिवशी टपावर पोती, आत माणसं, आणि कोणी आजारी असेल तर त्यालाही हेच घेऊन येतात. मी दारामागे होते. ते यांना सांगत होते, "मिस्त्री, लय कटकट करती हो. माझं डोकं उठतं. तुम्ही नेहमी सेट करता, पण आवाज काय बंद नाय होत. या टायमाला जरा गप करा तिला."

हे म्हणाले, "टॅपेट थोडा वाजायलाच हवा, भाऊ. फट आहे म्हणून वाजतो."

"थोडा वाजू द्या हो. ही तं भांडती."

दुसऱ्या पहाटे मी पट्ट्यांचा जुडगा हातात घेतला आणि ते बोलणं माझ्या मनात होतं. मला आवाज आवडत नाही. लहानपणापासून नाही. घरात भांडं पडलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. मला वाटलं, गप्प इंजिन म्हणजे सुखी इंजिन. आणि मला वाटलं, इतके दिवस करते आहे, आता मला कळतं. यांना न सांगता मी एक पट्टी बारीक घेतली. आठही व्हॉल्वना. हे पुली फिरवत होते, "अडते?" विचारत होते, मी "हं" म्हणत होते. खोटं नव्हतं, पट्टी अडतच होती. फक्त ती पट्टी दुसरी होती.

नऊला गाडी सुरू झाली तेव्हा शिवणयंत्रासारखी चालली. जीपवाले भाऊ खूश झाले. "आता कसं. लगीन झाल्यावर पयल्या आठवड्यात बायको असती तशी." हे झाकणाला हात लावून उभे होते. कपाळाला आठी होती. काहीतरी बोलतील असं मला वाटलं, पण यांनी हात पुसले आणि गाडी जाऊ दिली. मी आत पिठाचा हात तसाच धरून ऐकत होते. मला आनंद झाला होता.

तीन आठवड्यांनी फोन आला. यांच्या फोनचा आवाज मोठा, मला ओट्यापाशी सगळं ऐकू आलं.

"मिस्त्री, गाडी घाटात बसती हो. सकाळी बरी चालती, गरम झाली का दमच नाय राहत. परवा सगळ्यांना खाली उतरवलं तवा चढली. एक बाळंतीण होती, ती बी चालली."

हे म्हणाले, "घेऊन या. माझ्याच हातून कमी-जास्त झालं असेल."

फोन ठेवून हे खुर्चीवर बसून राहिले. मी विचारलं, गरम झाल्यावर दम का जातो? यांनी सांगितलं. फट कमी असली तर तापल्यावर लोखंड वाढतं आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. मग आतली आग त्या न मिटलेल्या कडेतून निसटत राहते आणि हळूहळू व्हॉल्वची कड जळते. कड जळली की इंजिनाचा वरचा सगळा भाग, म्हणजे हेड, उतरवायचा, गाडी पंधरा दिवस उभी. "वाजणारा टॅपेट गाडी मारत नाही," हे म्हणाले. "न वाजणारा मारतो." मग म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं होतं, फार गप्प आहे. पण म्हटलं, बोटं गेली तसा कानही गेला असेल. आता बंदच करावं हे."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी भांडी घासायला गेले. सांगितलं तर पट्टी माझ्या हातून जाणार होती. नाही सांगितलं तर हे शटर ओढणार होते, स्वतःच्या कानाला दोष देऊन. दोन्हींत माझी पहाट जातच होती. तरी मी गप्प राहिले, त्याला काही कारण नाही. गप्प राहायची सवय होती, एवढंच.

जीपवाले भाऊ संध्याकाळी आले. गाडी उभी केली आणि म्हणाले, "मी भैनीकडं मुक्काम करतो. सकाळी येतो लवकर. या टायमाला उघडताना मला बघायचंय."

हे "या" म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

सकाळी दाट धुकं होतं. मी चहा ठेवला आणि खिडकीतून पाहिलं तर भाऊ आमच्याआधीच येऊन गाडीच्या पायरीवर बसले होते, कानाला मफलर. यांनी झाकण उघडलं. पुली फिरवली, पहिला व्हॉल्व दबला, आठव्याशी आले आणि पट्टी स्वतःच हातात घेतली.

मी ट्रे घेऊन दारात उभी राहिले. हे पट्टी फटीत घालत होते. ती जात नव्हती. फट नव्हतीच तिथं. यांच्या बोटांना ते कळत नव्हतं, हे सारत राहिले आणि पट्टी वाकून धनुष्यासारखी झाली. भाऊ बघत होते. पट्टीकडे नाही, यांच्या बोटांकडे. मग त्यांनी नजर काढून दुसरीकडे लावली, आणि ते मला सोसलं नाही. एवढ्या वर्षांत यांच्या हाताकडून कोणी अशी नजर काढून घेतली नव्हती.

मी ट्रे ऑइलच्या पिंपावर ठेवला आणि पुढे गेले.

"मी बघते," म्हणाले.

यांनी पट्टी दिली. मी घातली, गेली नाही. मग मी भाऊंकडे न बघता, त्या स्प्रिंगांकडेच बघत सांगितलं, "मागच्या वेळी मीच लावले होते. तुम्हाला आवाज नको होता म्हणून मी एक पट्टी बारीक घेतली. यांना माहीत नव्हतं."

धुक्यात कुठंतरी दूधवाल्याची गाडी गेली.

हे फडक्यानं हात पुसत म्हणाले, "माझी बोटं गेली, भाऊ. दीड वर्ष झालं. तेव्हापासून हीच लावते. सगळ्यांच्याच."

"म्हंजे दीड वरीस माझी गाडी वयनीच्या हाताखाली हाय, आन मला पत्ता नाय."

"या वेळचं सोडून काही खोट निघाली का?" यांनी विचारलं.

भाऊंनी विचार केला. "नाय. ते बी खरं." मग ट्रेमधला कप उचलला. "पण वयनी, मी कटकट म्हणलं म्हणून तुम्ही तिचं तोंडच शिवलं का? मी घरी बायकोला बी रोज म्हणतो, लय कटकट करती. ती खरंच गप झाली तं मला भाकर कोण घालील?"

मला हसू आलं आणि रडूही. मी पाना उचलला. दोन व्हॉल्वना फट मुळीच उरली नव्हती, बाकी सहांना होती पण कमी. मी जाड पट्टी घेतली, तीच जी नेहमी घ्यायची, आणि एकेक करत गेले. हे पुली फिरवत होते. भाऊ उभे होते, तरी पाचव्या व्हॉल्वनंतर मी त्यांना विसरले. डोळे मिटले की तिथं नेहमीचीच पहाट होती.

गाडी सुरू केली. वाजली. भाऊ म्हणाले, "आली बया परत."

"गार असताना सगळ्याच बऱ्या वाटतात," हे म्हणाले. "कड जळली आहे का ते घाटच सांगेल."

मग आम्ही तिघंही निघालो. भाऊंनी मला पुढं बसायला लावलं. "ऐकायचं तुम्हाला हाय, मिस्त्री बसतील मागं." मी जीपमध्ये कधी पुढं बसले नव्हते. त्र्यंबक मागं पडलं तसं धुकं दरीत खाली बसत गेलं आणि डोंगरांची नुसती डोकी वर राहिली, पाण्यात पोहणाऱ्या गुरांसारखी. मला वाटलं रस्ता कुठंच टेकलेला नाही. या वाटेनं मी लग्न होऊन आले होते, तेव्हा सगळा वेळ मान खाली होती. मला डोंगर आठवत नव्हते, फक्त माझ्या पायांची हळद आठवत होती.

घाट लागला. भाऊंनी दुसरा गिअर टाकला. इंजिन आता पुरतं तापलं होतं, पायाला ऊब लागत होती. एक वळण झालं, दुसरं झालं. भाऊ म्हणाले, "हितं बसली व्हती." आणि त्यांनी पाय दाबला.

जीप चढली. जड चढली, पण कुठं थांबली नाही. आठ आवाज एकात एक मिसळून येत होते आणि मी त्यात बोट घातल्यासारखी एकेक शोधत होते. सात सारखे होते. एक मागे राहत होता, किंचित, लंगडणारं माणूस चारचौघांत चालताना राहतं तसा.

वर सपाटीला लागल्यावर भाऊंनी गाडी बाजूला घेतली, बंद केली नाही. "काय?"

मी मागे वळून यांच्याकडे पाहिलं. मग मी म्हणाले, "शेवटचा. धूर सोडणारा. त्याच्या कडेला थोडी झळ लागली आहे."

"हो," हे मागून म्हणाले. "मलाही त्याचाच वाटतोय." कितीतरी दिवसांनी यांचा आवाज मला सरळ वाटला.

"मंग?" भाऊंनी विचारलं. "हेड काढायचं?"

त्यांनी यांना विचारलं असं मला वाटलं, म्हणून मी थांबले. पण हे बाहेर दरीकडे बघत बसले होते, आणि भाऊ माझ्याकडे.

"लगेच नको," मी म्हणाले. "आठ दिवस चालवा. माणसं कमी भरा. मग आणा, मी फट मोजते. तेवढीच राहिली असेल तर व्हॉल्व नीट मिटतो आहे, काही करायचं नाही. कमी झाली असेल तर कड जळते आहे, मग हेड उतरवावं लागेल. ती चूक माझी, ते काम आमच्याकडे."

एवढं मी एका दमात कधी कोणाशी बोलले नव्हते. खाली दरीत धुकं हलत होतं, इंजिन वाजत होतं.

"कवा आणू?" भाऊंनी विचारलं.

"आठव्या दिवशी संध्याकाळी आणून लावा. आणि उघडताना बघायचं असेल तर सकाळी सहाला या," मी म्हणाले. "मी असते."